शाळेतली मुलं आणि विद्यापीठ ग्रंथालयातला जुना ठेवा: पहिली भेट कशी घडवायची

हिशेबाची एक जुनी वही फोमच्या टेकूवर उघडून ठेवली होती. सहावीतली एक मुलगी भिंग घेऊन दोन पानांच्या मधल्या घळीत डोकावत होती. मी तिला वहीतल्या मजकुराबद्दल सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, इथे काहीतरी चमकतंय." शिवणीला लागून वाळूचे चार-पाच बारीक कण अडकले होते. पूर्वी ओली शाई सुकवायला लिहिलेल्या पानावर बारीक वाळू भुरभुरवत आणि मग झटकून टाकत. त्यातली थोडी घळीत राहून जाई आणि शेकडो वर्षं तिथेच राही. हे मला ठाऊक होतं, पण मी ते सांगितलं नाही. "कुठून आली असेल?" एवढंच विचारलं. समुद्राकाठी वाचत बसले असतील, पुराच्या पाण्यातून आली असेल, असे तर्क झाले. मग शेजारचा मुलगा म्हणाला, "तेव्हा टिपकागद होता का?" आणि दोघांनी मिळून उत्तर गाठलं.

शाळेच्या मुलांना जुना संग्रह दाखवायचा म्हणजे या अशा पाच मिनिटांसाठी जागा करायची. बाकीची सगळी तयारी, पत्रव्यवहार, टेबलं, भिंगं, परवानग्या त्यासाठीच. ग्रंथालयाच्या दुर्मिळ ग्रंथ किंवा हस्तलिखित विभागात नव्याने रुजू झालेल्यांसाठी आणि पहिल्यांदाच वर्ग घेऊन येणाऱ्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: वस्तू कमी ठेवा, वेळ भरपूर द्या, आणि आपण बोलण्याआधी मुलांना पाहू द्या.

१. आधी शिक्षकांशी बोला

"मुलांना ग्रंथालय दाखवायचं आहे" असा निरोप आला की लगेच तारीख देऊ नका. तीन-चार आठवडे आधी शिक्षकांना एकदा बोलावून घ्या, नाहीतर निदान फोनवर अर्धा तास बोला. वर्गात सध्या काय शिकवणं चालू आहे, मुलं किती, वयं काय, कोणाला चाकांची खुर्ची लागते, कोणाला कमी दिसतं, कोणाला गोंगाटाचा किंवा बंद खोलीचा त्रास होतो, हे सगळं तेव्हाच कळतं. मुलांना कोणती लिपी आणि भाषा सहज वाचता येते हेही विचारा, कारण वस्तू निवडताना त्यावर बरंच काही ठरतं.

संख्येच्या बाबतीत ठाम राहा. एका टेबलाशी पाच, फार तर सहा मुलं. सातवं मूल मागे उभं राहतं आणि त्याला दुसऱ्याच्या खांद्याशिवाय काही दिसत नाही. एका वेळी खोलीत बारा ते पंधरा मुलं बरी पडतात. वर्ग तीसचा असेल तर दोन गट करा: एक गट जुन्या वस्तूंपाशी, दुसरा दुसऱ्या खोलीत हाताने काही करण्यात, आणि मग अदलाबदल. एकाच फेरीत सगळ्यांना उरकण्याचा आग्रह झाला, तर भेट दोन दिवसांत विभागा.

शिक्षकांकडून आणखी एक गोष्ट मागा. भेटीच्या वेळी त्यांनी मुलांच्या शिस्तीकडे लक्ष द्यावं, पण उत्तरं सुचवू नयेत. हे आधी मोकळेपणाने सांगितलं की कोणालाच वाईट वाटत नाही.

२. चार ते सहा वस्तू, त्याहून जास्त नाही

पहिल्या वेळी मी एकवीस वस्तू मांडल्या होत्या. संग्रहातली एकेक मोलाची चीज बाहेर काढली होती आणि प्रत्येकीसमोर छापील चिठ्ठी ठेवली होती. मुलं टेबलांच्या कडेने रांगेने चालत गेली, चिठ्ठ्या वाचल्या, वीस मिनिटांत फेरी संपली. दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी वर्गात विचारलं तेव्हा कोणालाही एकही वस्तू धड आठवेना. त्यानंतर मी सहाच्या वर कधी गेले नाही. आता तर बहुतेक वेळा चारच ठेवते.

निवडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: या वस्तूतलं एक अक्षरही वाचता आलं नाही, तरी मुलाला तिच्यात काही सापडेल का? सापडणार असेल तर ती वस्तू कामाची. संग्रहातली सर्वांत किमती किंवा सर्वांत जुनी वस्तू बहुधा या कसोटीला उतरत नाही, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

ताडपत्राची पोथी जवळजवळ नेहमी जमते. लांबट पान, मधोमध दोरी ओवायचं भोक, आणि अक्षरं शाईने लिहिलेली नसून लोखंडी लेखणीने कोरलेली. कोरून झाल्यावर वरून काजळी चोळत. ती कोरलेल्या रेघांत बसे आणि अक्षरं काळी दिसू लागत. एखाद्या पानावर काजळी चोळायची राहून गेलेली असेल तर ते पान आवर्जून दाखवा. समोरून कोरं वाटतं. छोटा थंड उजेडाचा दिवा कडेने, अगदी तिरका धरला की अक्षरं उभी राहतात. त्या क्षणी मुलांचा श्वास थांबतो. आणि मग "इथे भोक आहे तिथे अक्षरं का नाहीत?" हा प्रश्न त्यांच्यातलाच कोणीतरी विचारतो.

जुनं छापील पुस्तक घेणार असाल तर असं घ्या, ज्यात पानाच्या तळाशी उजवीकडे एक सुटा शब्द छापलेला आहे. हातछापखान्याच्या काळातल्या पुष्कळ पुस्तकांत तो असतो. "हा शब्द इथे एकटा काय करतोय?" असं विचारा आणि पान उलटून द्या. पुढच्या पानाचा पहिला शब्द तोच निघतो. पानांचा क्रम चुकू नये म्हणून छापणाऱ्यांनी आणि बांधणाऱ्यांनी केलेली ती खूण. मुलं मग पुढची दहा पानं तपासल्याशिवाय राहत नाहीत, आणि एखाद्या ठिकाणी शब्द जुळला नाही तर चोर सापडल्यासारखा आनंद होतो.

कागदाची जोडी हा माझा आवडता प्रयोग. एक पुस्तक सतराशे-साठसत्तरच्या आसपासचं, एक वर्तमानपत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. यातलं जुनं कोणतं, असं विचारलं की सगळे पिवळ्या, तुकडे पडणाऱ्या वर्तमानपत्राकडे बोट दाखवतात. जुनं पुस्तक मात्र त्याहून पांढरं आणि मऊ असतं, कारण तो कागद चिंध्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कागद लाकडाच्या लगद्यापासून होऊ लागला. त्यातलं लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) आणि कागदाला दिलेल्या तुरटीमुळे येणारं आम्ल यांनी तो पिवळा आणि ठिसूळ होतो. "पिवळं म्हणजे जुनं" ही समजूत हातातल्या पुराव्याने मोडते. अशी समजूत मोडणं मला कुठल्याही तारखेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

नकाशा हवाच. सतराव्या शतकात छापलेल्या कितीतरी नकाशांत कॅलिफोर्निया चक्क बेट म्हणून दाखवलं आहे. असा नकाशा संग्रहात असेल तर शेजारी आजचा शालेय नकाशासंग्रह ठेवा आणि फरक शोधायला सांगा. छापलेलं असलं, सुंदर असलं, तरी चुकीचं असू शकतं. आणि एकाची चूक दुसरा उचलतो, मग ती शंभर वर्षं चालते. मुलांना हे फार लवकर कळतं.

पत्रांपैकी निवडायचं तर आडवं-उभं लिहिलेलं पत्र मिळतं का पाहा. ब्रिटनमध्ये १८४० मध्ये एक पेनीचं टपाल सुरू होण्याआधी टपालखर्च पत्राच्या कागदांची संख्या आणि अंतर यांवर ठरे आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्यालाच द्यावा लागे. म्हणून कागद भरला की लोक तोच कागद काटकोनात फिरवून आधीच्या ओळींवरून पुन्हा लिहीत. अशा पत्रासमोर मुलं कागद फिरवून फिरवून वाचायला धडपडतात. अर्थ लागला नाही तरी "कागद वाचवत होते" हे बरोबर ओळखतात.

शेवटची वस्तू कुठल्यातरी मुलाची असावी: शाळेची वही, गिरवलेली पाटी, समासात काढलेलं चित्र, बक्षीस मिळालेल्या पुस्तकातलं नाव. मात्र हजेरीपट, गुणपत्रिका, आजाराच्या नोंदी अशा कागदांत आज हयात असू शकणाऱ्या माणसांची माहिती असते. ते मुलांसमोर ठेवू नका, कितीही रंजक असले तरी. तसंच माणसांचा अपमान करणारी जुनी चित्रं, गुलामगिरीचे कागद, मोजमापासाठी उभं करून काढलेले माणसांचे फोटो संग्रहात असतात. त्यांच्यावर बोलायला हवं, पण त्यासाठी शिक्षकांबरोबर ठरवून, मोठ्या मुलांसाठी, वेगळा वेळ काढा. फेरीत मध्येच ते समोर येऊ नयेत.

३. जतन विभागाला विचारल्याशिवाय वस्तू बाहेर काढू नका

निवडलेली यादी जतनाचं काम पाहणाऱ्यांना दाखवा आणि प्रत्येक वस्तू त्यांच्यासोबत एकदा उघडून पाहा. बांधणी किती उघडते, पानं कुठे सुटली आहेत, कोणत्या शाईने कागद खाल्ला आहे, हे त्यांना नजरेने कळतं. मायफळ (ओकच्या झाडावर येणारी गाठ) आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांच्या शाईने लिहिलेल्या कागदांबाबत खास काळजी घ्या. ती शाई आम्लधर्मी असते. ठळक अक्षरांच्या जागी कागद जळल्यासारखा होतो आणि पान वाकवलं की अक्षराच्या आकाराचा तुकडा गळून पडतो. असं पान सपाट ठेवून दाखवा, उलटू नका.

हातमोज्यांचा प्रश्न पहिल्याच दिवशी येईल. चित्रपटांत जुनी पुस्तकं पांढरे सुती हातमोजे घालून हाताळताना दिसतात, त्यामुळे शिक्षकही तीच अपेक्षा ठेवतात. कागद आणि पोथ्यांसाठी मात्र स्वच्छ धुतलेले, पूर्ण कोरडे हात जास्त चांगले. सुती मोज्यात बोटांना पानाची जाडी कळत नाही, धागे कडांना अडकतात आणि पान फाटतं. जुने फोटो, काचेच्या निगेटिव्ह आणि धातूच्या वस्तू यांना मात्र बोटांचा घाम लागू देऊ नये. तिथे नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, मोजे लागतात. मुलांना हे कारणासकट सांगा. मोजा घालून साधा कागद उलटायला दिला तर दहा सेकंदांत पटतं.

एक धोका नव्या लोकांना सहसा माहीत नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कापडी बांधणीसाठी वापरलेल्या झगझगीत हिरव्या रंगात कधी कधी आर्सेनिक असतं. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयात २०१९ मध्ये अशा पुस्तकांचा शोध पद्धतशीरपणे सुरू झाला आणि त्यानंतर अनेक ग्रंथालयांनी आपापली कपाटं तपासली. त्या काळातलं हिरव्या कापडाचं पुस्तक तपासणी झाल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका. बुरशीचा वास येणारी पुस्तकंही बाजूला ठेवा.

उजेडाचं गणित सोपं आहे. नाजूक कागदासाठी प्रदर्शनात साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मर्यादा धरतात. तासाभराच्या भेटीने आभाळ कोसळत नाही, पण तीच वस्तू वर्षभर दर आठवड्याला बाहेर येत असेल तर भरपूर उजेड साचतो. म्हणून प्रत्येक वस्तूला एक पर्यायी वस्तू ठरवून ठेवा आणि आलटून पालटून काढा. खिडक्यांचे पडदे ओढलेले असू द्या, फोटो काढताना फ्लॅश नको.

४. शाळेत आधी एक तास

भेटीच्या आठवडाभर आधी वर्गात एक तास झाला तर ग्रंथालयातला अर्धा वेळ वाचतो. शक्य असेल तर तुम्ही स्वतः जा. न जमल्यास शिक्षकांना दोन चित्रं आणि चार प्रश्न पाठवा. मूळ वस्तू मात्र शाळेत नेऊ नका, एक दिवसासाठीही नाही.

या तासाला मी ओन्फिमची गोष्ट सांगते. रशियातल्या नॉव्हगोरोद शहरात तेराव्या शतकात ओन्फिम नावाचा मुलगा होता, वयाने सहा-सात वर्षांचा असावा असा अभ्यासकांचा अंदाज. तो बर्चच्या सालीवर अक्षरं गिरवायचा. ही साल म्हणजे आपल्या भूर्जपत्राचीच जात. गिरवून कंटाळा आला की चित्रं काढायचा. एका चित्रात तो घोड्यावर बसून शत्रूला भाला मारतो आहे आणि शेजारी स्वतःचं नाव लिहिलं आहे. दुसऱ्यात एक विचित्र प्राणी आहे आणि लिहिलंय की मी जंगली पशू आहे. १९५६ मध्ये उत्खननात या साली सापडल्या. चित्रातल्या माणसांच्या हातांची बोटं मोजायला सांगा; ओन्फिमला बोटांची संख्या नेहमी जमत नसे. हे पाहून झालं की "जुनी माणसं" या शब्दाचा अर्थ मुलांसाठी बदलतो.

त्यानंतर मुलांना विचारायचं: आज तुमच्या दप्तरात जे आहे, त्यातलं काय आठशे वर्षं टिकेल? आणि टिकलं तर त्यावरून लोक तुमच्याबद्दल काय समजतील? या चर्चेला दहा मिनिटं द्या. नियमांची यादीही याच वेळी सांगून टाका, म्हणजे ग्रंथालयाच्या दारात भाषण करावं लागणार नाही.

५. खोलीची मांडणी

टेबल मुलांच्या कमरेएवढं. मोठ्यांच्या उंच टेबलावर वस्तू ठेवली की मुलं टाचा उंचावतात, तोल जातो आणि हात वस्तूवरच टेकतो. खुर्च्या काढून टाका. उभ्याने फिरता येतं. चाकांच्या खुर्चीला पुरेल एवढी जागा दोन टेबलांत हवी. पुस्तकांखाली फोमचे टेकू आणि पानं उघडी ठेवायला कापडात शिवलेल्या मऊ वजनदार दोऱ्या ठेवा. शिसपेन्सिली आधीच टोक करून ठेवा. पेनं, खोडरबर आणि टोकयंत्रं खोलीबाहेर. दप्तरं, पाण्याच्या बाटल्या आणि डबे ठेवायला वेगळी जागा दाखवा. प्रत्येकाला एक भिंग मिळेल असं पाहा, कारण एका भिंगावर पाच मुलं भांडतात.

फोटोसाठी पालकांची लेखी परवानगी शाळेकडून आधी मागवा. ज्या मुलांची नसेल त्यांना सगळ्यांदेखत बाजूला काढू नका. फोटोच फक्त वस्तूंचे आणि हातांचे काढा.

६. भेटीचा दिवस

एकूण सव्वा तास धरा. लहान मुलांसाठी पाऊण तास पुरे.

सुरुवात हात धुण्याने करा. साबण, पाणी, आणि मग कोरडं होईपर्यंत पुसणं. हा वेळ वाया जात नाही. इथे काहीतरी वेगळं घडणार आहे हे मुलांना अंगाने कळतं आणि आवाज आपोआप खाली येतो.

नियम सांगायला मी एका जुन्या शपथेची मदत घेते. ऑक्सफर्डचं बोडलियन ग्रंथालय १६०२ मध्ये वाचकांसाठी उघडलं. तिथे वाचकाला आजही प्रतिज्ञा घ्यावी लागते: ग्रंथालयातली कोणतीही वस्तू नेणार नाही, तिच्यावर खूण करणार नाही, तिची नासधूस करणार नाही, आत आग किंवा ज्योत आणणार नाही आणि पेटवणार नाही. "ज्योत कशाला आणेल कोणी?" असं मुलं विचारतात. मग विजेआधीच्या काळात रात्री वाचायचं तर काय लागे, हे त्यांच्याच तोंडून येतं. त्यानंतर आपली पाच ओळींची प्रतिज्ञा सगळे मिळून म्हणतात. नियम लादले गेल्यासारखे वाटत नाहीत आणि मुलं एकमेकांना आठवण करून देतात.

मग टेबलांपाशी. प्रत्येक टेबलाला बारा ते पंधरा मिनिटं. त्यातली पहिली तीन मिनिटं कोणीही बोलायचं नाही, तुम्हीही नाही. नव्या माणसाला हे सर्वांत कठीण जातं. शांतता अवघड वाटते, सांगावंसं वाटतं, हात शिवशिवतात. थांबा. पहिल्या मिनिटाला मुलं इकडेतिकडे बघतात, दुसऱ्या मिनिटाला वस्तूकडे वळतात, आणि खरं पाहणं तिसऱ्या मिनिटाला सुरू होतं.

त्यानंतर दोनच प्रश्न, या क्रमाने: "काय दिसतंय?" आणि "कशावरून?" एखादा म्हणाला, "हे पुस्तक श्रीमंत माणसाचं होतं," तर चूक-बरोबर न म्हणता "कशावरून?" विचारा. तो कडांची सोनेरी चमक दाखवेल. दुसरी म्हणेल, "पण आत मेणाचे डाग आहेत, म्हणजे रात्री जागून कामच करत होता." वाद होऊ द्या. पुराव्याला बोट लावून बोलायची सवय इथे लागते. तुमच्याकडची माहिती शेवटच्या तीन मिनिटांसाठी राखून ठेवा, आणि तीही मुलांनी जे शोधलं त्यालाच जोडून द्या.

पानं कोणी उलटायची? ज्या वस्तूला जतन विभागाने होकार दिला आहे ती मुलांनीच उलटावी. आधी करून दाखवा: वरच्या कोपऱ्यातून, तळहाताने खालून आधार देत, घाई न करता. बोटाला थुंकी लावायची नाही. प्रत्येकाला निदान एक पान उलटायला मिळेल असा क्रम लावा. दुरून पाहिलेली शंभर पानं मूल विसरेल, हाताने उलटलेलं एक विसरणार नाही.

वास घ्यायची इच्छा होतेच. जुन्या कागदाचा तो किंचित गोडसर वास कागदाचे घटक हळूहळू विघटन पावताना बाहेर पडणाऱ्या वायूंचा असतो. बुरशी नसल्याची खात्री असेल तर हातभर अंतरावरून घेऊ द्या.

शेवटची दहा मिनिटं कपाटांच्या खोलीत. ती लांबवू नका. मुलांना कपाटांच्या रांगा दोन मिनिटांत कळतात. त्यांना एक दाखल क्रमांक द्या आणि पेटी शोधायला लावा. क्रमांकाचा कोणता भाग कशासाठी हे शोधता शोधता समजतं. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हरवलेल्या पुस्तकासारखंच, हे सांगायला याहून चांगली जागा नाही.

७. अवघड प्रश्न आणि न वाचता येणारी लिपी

"हे खरं आहे का?" हा प्रश्न दर भेटीत येतो. याचं उत्तर नुसतं "हो" देऊ नका. खरं आहे हे आपल्याला कसं कळतं ते दाखवा: उजेडासमोर धरलेल्या कागदातली पाणखूण (कागद बनतानाच त्यात उमटलेली खूण), छापताना पानाच्या मागे उठलेला खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचा, उठाव, कसरीने एकाच जागी अनेक पानांतून आरपार पाडलेलं भोक. प्रत आणि मूळ शेजारी शेजारी ठेवली की मुलं स्वतःच फरक सांगतात.

"किती किमतीचं?" या प्रश्नाला आकडा सांगू नका. एक तर सुरक्षिततेच्या दृष्टीने ते बरं नाही, आणि दुसरं म्हणजे त्यानंतर मुलांना फक्त आकडाच आठवतो. "याची दुसरी प्रत आहे का, आणि हे गेलं तर कशाने भरून येईल?" असा उलट प्रश्न करा.

ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही तिथे तसं स्पष्ट सांगा आणि प्रश्न त्यांच्यासमोर लिहून घ्या. आठवडाभरात शाळेत उत्तर पाठवा. हे चुकवू नका. मुलं वाट पाहत असतात.

लिपी अनोळखी असेल, मोडी असो, शारदा असो की गॉथिक वळणाची लॅटिन, तर वाचायला लावून मुलांना हिरमुसं करू नका. एक अक्षर निवडा आणि ते पानभर शोधायला सांगा. तीन वेळा सापडलं की ते ओळखीचं होतं. दुसरं अक्षर दिलं की कधी कधी एक पूर्ण शब्द लागतो, आणि ते मूल उरलेला दिवसभर तो शब्द सांगत फिरतं. मोठ्या मुलांना अक्षरांचा तक्ता देऊन एक ओळ सोडवायला द्या. अर्धी ओळ सुटली तरी पुष्कळ झालं.

८. हाताने करून पाहणं

दुसऱ्या खोलीत, मूळ वस्तूंपासून पूर्ण लांब, बोरू आणि शाई ठेवा. शाईचे हात पुन्हा मूळ वस्तूंकडे जाणार नाहीत, हे वेळापत्रकातच बसवून टाका: ज्या गटाने आधी शाईचं काम केलं त्याच्यासाठी हात धुवायला दहा मिनिटं जास्त. चार ओळी लिहिल्या की शाई पसरते, टोक कागदात रुततं, मनगट दुखतं. मग परत जाऊन पाहिलेल्या पोथीतल्या सरळ ओळींकडे मुलं वेगळ्याच नजरेने पाहतात.

शाई नको असेल तर नोंद लिहायला लावा. प्रत्येकाने आपल्या दप्तरातली एक वस्तू समोर ठेवायची आणि ग्रंथालयाच्या पद्धतीने तिचं वर्णन करायचं: काय आहे, कशाची बनली, लांबी-रुंदी किती, कोणाची होती, कुठून आली, काय मोडलं आहे, कोणत्या खुणा आहेत. शेजाऱ्याने फक्त ती नोंद वाचून वस्तू ओळखायची. "निळी पेन्सिल" एवढंच लिहिणाऱ्याला लगेच कळतं की वर्गात तशा बारा आहेत. मग तो चावलेलं टोक आणि घासून अर्धं गेलेलं नाव लिहितो. संग्रहाचं काम करणारी माणसं रोज हेच करतात, आणि मोठेपणी असंही काम करता येतं हे बऱ्याच मुलांना इथेच पहिल्यांदा कळतं.

९. मुलं गेल्यावर

वस्तू लगेच पेटीत घालू नका. प्रत्येक पान-बांधणी भेटीआधीच्या नोंदीशी ताडून पाहा, काही बदललं असेल तर त्याच दिवशी जतन विभागाला कळवा. वस्तू किती मिनिटं उजेडात होती तेही लिहा. शिक्षकांना दोन दिवसांनी फोन करून एकच गोष्ट विचारा: मुलं आपणहून कशाबद्दल बोलत आहेत? अभिप्रायाच्या छापील तक्त्यांपेक्षा या एका उत्तरावरून मी पुढच्या वेळची निवड करते.

मुलांना ग्रंथालयात परत कसं येता येईल ते लिहून द्या: कोणत्या दिवशी, कोणाबरोबर, काय सोबत आणायचं, संग्रहाच्या डिजिटल प्रती कुठे पाहता येतात. पालकांना वाचता येईल अशा सोप्या भाषेत, एका पानात.

आणि त्यांचे प्रश्न जपून ठेवा. माझ्याकडे प्रत्येक वस्तूच्या नोंदपत्रकाला जोडलेला एक वेगळा कागद असतो. त्यावर तारीख, इयत्ता आणि मुलांनी विचारलेला प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवलेला असतो. त्या हिशेबाच्या वहीच्या कागदावर शेवटचा प्रश्न आहे: "वाळू कोणत्या नदीची?" पुढचा वर्ग आला की टेबलापाशी पहिल्यांदा तोच वाचून दाखवायचा आहे.